काका, तो शाफ्ट तुमच्यामुळे सुटला

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला गेलो की तुम्ही हात झटकता आणि दुसराच विषय काढता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. शिवाय तुम्ही त्या दोन संध्याकाळी जे दाखवलंत, ते किट कार, म्हणजे सुटे भाग जोडून स्वतः बनवायची गाडी, बांधायला घेणाऱ्या प्रत्येकाच्या कामाला येईल.

१९५७ च्या लोटस सेव्हनच्या वळणाची दोन माणसांची गाडी बांधायची, सांगाडा नवा आणि इंजिन, गिअरबॉक्स, डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांना इंजिनाची ताकद वाटून देणारी पेटी, थोडक्यात डिफ), मागचे हब (चाकं ज्यांवर बसतात ते भाग) हे सगळं पहिल्या पिढीच्या जुन्या माझदा एमएक्स-५ मधून घ्यायचं, असं मी ठरवलं होतं. किट कार म्हणजे जोडायचं काम, असं मला वाटायचं. पण जोडण्याआधी सोडवायचं असतं, आणि तेही भाग शाबूत ठेवून. भंगारात जाणारी गाडी कापली तरी चालते. इथे तोच शाफ्ट, तोच हब नव्या सांगाड्यात बसवायचा असतो.

मागचा उजवा हब सोडवताना मी दोन चुका केल्या. हब नट गाडी चाकांवर उभी असताना, ब्रेक दाबून सैल करायचा असतो. मी ब्रेक आणि चाकं आधीच काढून बसलो होतो. तो कसाबसा निघाला, तर ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे डिफकडून येऊन चाक फिरवणारा दांडा, हबमधून हलेना. मग दोन किलोचा हातोडा घेऊन मी शाफ्टच्या टोकावर थेट घाव घातले. टोक फुलून आलं, पुढचे आटे दबले आणि नट परत चढेना. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात आणि हातोड्याकडे पाहिलंही नाहीत. शाफ्टच्या टोकावरून अंगठ्याचं नख फिरवलंत, किती आटे गेलेत ते मोजलंत आणि विचारलंत, "बेअरिंग परत वापरणार आहेस का?" मी म्हटलं, नाही, नवी घालणार. "मग तापवता येईल," एवढंच बोललात. आधी तिकोनी कानस मागितलीत. फुललेली कड उतरवलीत आणि मग एकेक आटा कानशीच्या टोकाने साफ करत अर्धा तास बसलात. मध्येच फुंकर मारून कीस उडवायचा, बोटाने चाचपायचं, पुन्हा दोन हात कानस. नट हाताने, पान्याशिवाय चढला, तेव्हा मी पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

त्यानंतरचं मला कुणी असं समजावून सांगितलं नव्हतं. शाफ्ट कुठल्या स्क्रूने धरलेला नाही, तर स्प्लाइनच्या, म्हणजे त्याच्यावरच्या लांब दातांच्या, खाचांत गंज भरलाय, हे तुम्ही सांगितलंत. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो पाचरीसारखा बसतो. घाव घालून शाफ्टचं टोक बिघडतं, पाचर तिथेच राहते. पंचवीस मिलिमीटर भोकाचा हब दीडशे अंशांनी तापवला, तर भोक सुमारे ०.०४५ मिलिमीटरने मोठं होतं. केसाहून बारीक फट, पण गंज तडकायला आणि तेल आत शिरायला तेवढी पुरते. तुम्ही शाफ्टच्या सांध्यावरच्या रबरी बूटभोवती ओलं फडकं गुंडाळून हबच तापवलात, शाफ्टला ज्योत लागू दिली नाहीत. थोडं निवल्यावर गंज सोडवणारं तेल सोडलंत आणि पुलर, म्हणजे हबला धरून मधल्या स्क्रूने शाफ्ट ढकलणारं अवजार, लावलात.

नट पूर्ण काढू नकोस, टोकाशी चार आट्यांवर राहू दे, हेही तेव्हाच बजावलंत. सुटलेला शाफ्ट उडत नाही आणि आटेही जपले जातात. पुलर ताणून झाल्यावर मी पाना घेऊन आणखी आवळायला सरसावलो, तर तुम्ही माझं मनगट धरलंत. "आता त्याचं त्याला करू दे." पुलरच्या डोक्यावर एक हलका ठोका दिलात, तो तारेने सांगाड्याला बांधलात आणि दिवा मालवून मला घरी पाठवलंत. सकाळी येऊन पाहतो, तर नट हबला टेकलेला, शाफ्ट हबमधून बोटभर मागे सरकलेला. रात्री कधी सुटला कुणास ठाऊक. मी तिथेच उकिडवा बसून राहिलो.

डावी बाजू तुम्ही मला एकट्याला करायला लावलीत आणि स्वतः स्टुलावर हात मागे बांधून बसलात. माझ्या मते सगळ्यांत मोठी मदत तीच होती. नटाची खाचेत ठोकलेली कड आधी छिन्नीने उचल, मग हब फिरू नये म्हणून चाक बसवायच्या दोन स्टडना जाड पट्टी बांधून ती जमिनीला टेकव, असं बसल्याजागी सांगत राहिलात. मीटरभर लांब पाइपवर माझं साठ किलो वजन टाकल्यावर नट करकरत हलला, त्या आवाजाला तुम्ही मान डोलावलीत.

गिअरबॉक्स आणि डिफ यांना जोडणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममधली स्टीलची नळी मग फार अडली नाही. अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, तेव्हा बाहेरचं तापव, हे आता मलाच सुचलं. एक गोष्ट मात्र इथे मुद्दाम लिहितो, कारण तुम्ही ती आवाज चढवून सांगितली होतीत. ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाला ज्योत लावायची नाही. क्लोरीनवाल्या क्लीनरपासून उष्णतेने फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो. माझ्या हातात तेव्हा तोच डबा होता, काका.

दोन्ही शाफ्ट आता ब्रशने घासून, स्प्लाइनना पातळ ग्रीस लावून फळीवर ठेवलेत. तुम्ही कानशीने वाचवलेले आटे नव्या नटाने तपासले, शेवटपर्यंत हाताने जातात. येत्या आठवड्यात डिफचं तेल बदलणार आहे. तुम्ही म्हणाला होतात तसं, जुनं तेल सोडण्याआधी भरायचा प्लग सैल करून पाहिला. तो निघतोय.

आपला,
दोन सोडवलेल्या शाफ्टचा ऋणी