दागिना मोडला की घडण जाते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून १९ ऑक्टोबर २०२५ रोजी भरदिवसा आठ राजदागिने चोरीला गेले. त्याविषयी मी वाचलेल्या बहुतेक बातम्यांचा भर आठ कोटी ऐंशी लाख युरो या किमतीवर होता. त्या आठांपैकी एका कंठ्याविषयी लिहावेसे वाटते.

नेपोलियनने १८१० मध्ये आपली दुसरी पत्नी मारी-लुईझ हिला लग्नाची भेट म्हणून दिलेला हा पाचूंचा कंठा फ्रान्स्वा-रेन्यो नितो या जवाहिऱ्याने घडवला होता. त्यात ३२ पाचू आणि १,१३८ हिरे आहेत; हिऱ्यांपैकी ८७४ पूर्ण पैलूंचे, तर २६४ सपाट बुडाचे, जुन्या 'रोझ' पद्धतीने कापलेले. मधला पाचू पावणेचौदा कॅरटचा, प्रत्येक मोठ्या पाचूभोवती हिऱ्यांचे कोंदण आणि खाली थेंबासारखे लोंबणारे पाचू. त्या जोडप्याचा धार्मिक विवाह लूव्रच्याच एका दालनात लागला होता आणि त्याला लागून असलेल्या अपोलो दालनातूनच हा कंठा गेला, हे वाचून मन विषण्ण झाले.

माझ्या आजीची वज्रटीक मोडली तेव्हा मी शेजारी बसलो होतो. सराफाने मागची रेशमी गादी उसवून बाजूला टाकली, आतली लाख काढली आणि उरलेले सोने तराजूत घातले. घडणावळीचा एक पैसाही हाती आला नाही. या कंठ्याचेही तसेच होण्याची भीती आहे, कारण ओळखू येणारा दागिना विकता येत नाही, सुटे खडे मात्र विकता येतात. याच संचातल्या मुकुटाचे पाचू एका जवाहिऱ्याने १९५० च्या दशकात, तेही कायदेशीर मालकीने, काढून एकेक करून विकले. आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात त्या मुकुटावर पाचूंच्या जागी ७९ पिरोजे बसवलेले दिसतात. कंठा आणि कर्णफुले मात्र अखंड राहिली होती, म्हणूनच २००४ मध्ये लूव्रने ती मिळवली.

आम्हा नाशिककरांना हे दुःख परके नाही. त्र्यंबकेश्वराचा म्हणून ओळखला जाणारा आणि १८१८ मध्ये पेशव्यांकडून इंग्रजांच्या हाती गेलेला 'नाशिकचा हिरा' आधी लंडनला आणि पुढे अमेरिकेत पुन्हा कापला गेला आणि अखेर ४३.३८ कॅरटवर आला, म्हणजे मुळाच्या निम्म्याहूनही कमी. त्याचे जुने रूप आता कोणालाच पाहता येणार नाही.

म्हणून विनंती, की या चोरीची पुढची बातमी देताना आपण किमतीच्या आकड्याबरोबर या कंठ्याचे मोठे, स्पष्ट छायाचित्र आणि त्याच्या घडणीचे वर्णनही छापावे.

आपला नम्र,
एक वाचक, नाशिक