धनगरवाड्यांसाठी देणगी देताना

महोदय,

पावसाळ्याआधी शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगडच्या धनगरवाड्यांवर आरोग्य शिबिरं घ्यायला संस्था पुढे येतात. हेतू चांगला असतो, पण सर्पदंश होतो तेव्हा शिबिर उठून गेलेलं असतं. देणगीदारांनी आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तिथं काय कमी आहे ते विचारावं.

विषबाधेची लक्षणं दिसली की प्रतिविषाच्या साधारण 10 कुप्या सुरुवातीलाच लागतात, लहान मुलालाही तेवढ्याच. दोन-चार कुप्या ठेवून भागत नाही. ॲड्रेनालिनही हाताशी हवंच, कारण प्रतिविषाची रिॲक्शन येऊ शकते. द्रवरूप प्रतिविष 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं आणि गोठलं की वाया जातं. वीज वारंवार जाते तिथं पावडरचं घ्यावं.

सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे काचेची परीक्षानळी. रुग्णाचं 2 मिली रक्त तीत घालून 20 मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी एकदाच तिरकी करायची. रक्त पातळच राहिलं तर घोणस किंवा फुरसं यांच्या विषाचा संशय घ्यावा. नळी साबणानं धुतलेली किंवा प्लास्टिकची असेल तर निदान चुकतं. म्हणून कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळ्याच द्या.

कंपनी कायद्याच्या कलम 135 खालचा सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून करायचा) प्रकल्प पहिल्या वर्षानंतर आणखी तीन वर्षं चालवता येतो. तेवढी वर्षं रुग्णवाहिकेचं डिझेल, चालकाचा पगार आणि फ्रीजची दुरुस्ती यांची हमी द्या. नुसती गाडी देऊ नका.

– आरोग्य कार्यकर्ते, कोल्हापूर