आधी क्रमांक वाचा, मग साल लिहा

संपादक महोदय,

नाशिकमधल्या एका प्रदर्शनात जुन्या ९ मि.मी. ब्राउनिंग पिस्तुलाखाली ‘१९३५’ ही पाटी पाहून वाईट वाटलं. ते मॉडेलचं साल आहे, हे पिस्तूल घडल्याचं नव्हे! पिस्तुलावर तर ‘इंग्लिस, कॅनडा’ असं स्पष्ट कोरलंय, आणि टोरांटोच्या इंग्लिस कंपनीच्या कारखान्यात ही पिस्तुलं घडली १९४४-४५ मध्ये. क्रमांकात ‘सीएच’ म्हणजे चीनच्या मागणीचं, ‘टी’ म्हणजे ब्रिटिश-कॅनेडियन सैन्यासाठीचं. सरकती मागची साइट (नेम धरायची खूण) आणि मुठीमागे खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता जोडायची खाच दिसली, तर बहुधा चिनी नमुना. मात्र दुरुस्तीत स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) बदलली जाते (मी स्वतः बदलल्या आहेत), म्हणून फ्रेमवरचा (खालच्या मुख्य सांगाड्यावरचा) क्रमांकही ताडून पाहावा. पाटी कृपया दुरुस्त करावी. मुलं ती वहीत उतरवून घेत होती.

– एक निवृत्त आर्मरर (सैन्यातला शस्त्रदुरुस्ती कारागीर), देवळाली कॅम्प