सांध्यांच्या तपासणीची मूळ नोंद पालिकेच्याच हाती हवी

महोदय,

पाणीपुरवठ्याच्या पोलादी जलवाहिन्यांमधील दोष शोधण्यासाठी आता स्वयंचलित यंत्रे मिळू लागली आहेत. त्यांची सर्वाधिक गरज कारखान्यापेक्षा प्रत्यक्ष कामाच्या जागी आहे. पत्रा गुंडाळून स्पायरल वेल्डिंगने पाइप तयार होतो, तेव्हा त्याची अल्ट्रासोनिक (ध्वनिलहरींची) तपासणी आणि हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) कारखान्यातच होते. चरात उतरून, चिखलात आणि वाऱ्यात जोडलेल्या सांध्यांच्या वाट्याला मात्र तेवढी शिस्त क्वचितच येते.

जायकवाडीहून छत्रपती संभाजीनगरला येणाऱ्या नव्या जलवाहिनीचा व्यास २५०० मिलिमीटर आणि लांबी सुमारे ३९ किलोमीटर आहे. एक पाइप १२ मीटरचा धरला तर सांधे सव्वातीन हजारांच्या घरात जातात, आणि प्रत्येक सांध्याचा परीघ पावणेआठ मीटरहून अधिक असल्याने निव्वळ जागेवरचे वेल्डिंगच २५ किलोमीटर भरते. एवढ्या कामातून मोजक्या सांध्यांचा एक्स-रे काढला, तर नमुना कोणी निवडला यावरच निकाल अवलंबून राहतो. शिवाय एक्स-रेमध्ये वेल्डमधील वायूची छिद्रे व अडकलेला स्लॅग (वेल्डिंगचा मळ) स्पष्ट दिसतो. पण धातू एकजीव न झाल्याने राहिलेली बारीक सपाट फट किरणांना आडवी असेल तर ती फिल्मवर उमटेलच असे नाही. फेज्ड अ‍ॅरे अल्ट्रासोनिक स्कॅनर सांध्याभोवती फिरत अनेक कोनांतून लहरी सोडतो, त्यामुळे अशी फट सापडण्याची शक्यता बरीच वाढते आणि तिची खोलीही कळते. त्यात किरणोत्सर्ग नसल्यामुळे परिसर रिकामा करावा लागत नाही, ही सोयही लहान नाही.

मात्र हे स्कॅन वाचणाऱ्या संगणकाला ज्या दोषांची उदाहरणे शिकवली, तेच तो भरवशाने ओळखतो. म्हणून त्याच जाडीच्या पत्र्यावर मुद्दाम दोष ठेवलेले नमुने देऊन त्याची आधी परीक्षा घ्यावी आणि अंतिम सही प्रमाणित निरीक्षकाचीच असावी.

निविदेत प्रत्येक सांध्याचा क्रमांक, वेल्डरचा क्रमांक, ठिकाण आणि स्कॅनची मूळ फाइल पालिकेला देण्याची अट घालावी. नुसते ‘योग्य’ असे प्रमाणपत्र पुरेसे मानू नये. वाहिनी जमिनीखाली अनेक दशके राहणार आहे आणि उद्या गळती झाली तर त्या सांध्याची नोंद पालिकेकडेच सापडली पाहिजे. तपासणी करणाऱ्या संस्थेची नेमणूक आणि तिचे देयकही कंत्राटदाराने नव्हे, तर थेट पालिकेने करावे.

— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर