‘दिवाळी’ बांधणाऱ्याचं नाव कुठे?

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला जमैकन गायक शॉन पॉलच्या ‘डटी रॉक’ या अल्बमवरचा लेख वाचला. डान्सहॉलवर, म्हणजे जमैकाच्या त्या नाचऱ्या संगीतावर, मराठीत कुणीतरी अर्धं पान लिहिलं, याचा मनापासून आनंद झाला. पण ‘रातोरात जग जिंकलं’ हे वाक्य काल दिवसभर डोक्यातून गेलं नाही. रातोरात कसं? हा अल्बम नोव्हेंबर २००२ चा. शॉन पॉलचा पहिला अल्बम ‘स्टेज वन’ २००० सालीच आला होता, आणि जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, तर तो त्याच्याही आधीपासून गात होता.

खरा राग वेगळाच आहे. या अल्बममधलं ‘गेट बिझी’ हे गाणं मे २००३ मध्ये अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिलं आलं, हे लेखात दोनदा आहे. ते ज्या ठेक्यावर उभं आहे, तो स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडेनने बांधला, हे एकदाही नाही. त्या ठेक्याचं नाव ‘दिवाळी’! मराठी वर्तमानपत्राने नेमकं हेच गाळावं?

त्या वर्षी मी मियामीहून सुटणाऱ्या प्रवासी जहाजावर गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, कामाला होतो. भांडी घासायला माझ्या जोडीला किंग्स्टनचा एक मुलगा होता. रात्री काम आवरताना तो एकच सीडी लावायचा. एकदा मी वैतागून म्हटलं, “अरे, तेच गाणं किती वेळा?” त्याने सीडी बंद केली, मोठं पातेलं पालथं घातलं आणि ओल्या हातांनी त्यावर तो टाळ्यांचा ठेका धरला. आधी ‘गेट बिझी’ म्हटलं, मग ठेका न मोडता वेन वंडरचं ‘नो लेटिंग गो’. गाणी दोन, ठेका तोच. तिकडे याला रिदिम म्हणतात. आधी ठेका तयार होतो, मग एकामागून एक गायक त्यावर आपापले शब्द चढवतात. “तुझ्या सणाचं नाव आहे, आणि तुलाच माहीत नाही?” असं तो म्हणाला, तेव्हा मला खरंच लाज वाटली.

व्हीपी रेकॉर्ड्सचाही लेखात उल्लेख नाही. किंग्स्टनमध्ये तबकड्यांचं दुकान चालवणाऱ्या व्हिन्सेंट आणि पॅट्रिशिया चिन या दांपत्याने न्यूयॉर्कला जाऊन ही कंपनी उभी केली. या कंपनीने अटलांटिक या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीशी हातमिळवणी केली, म्हणून हा अल्बम जगभरच्या दुकानांत पोचला. २००४ चं ग्रॅमी लिहिलंत, मग हेही लिहायला हवं होतं.

जाता जाता आणखी एक. दोन महिन्यांपूर्वी माझं नमन-खेळ्यांवरचं पत्र छापताना मृदंग वाजवणाऱ्यांची नावं तेवढी कापली गेली. गावात त्यांना तोंड दाखवायची चोरी झाली. या वेळी जागा कमी पडली, तर माझं सुरुवातीचं कौतुकाचं वाक्य काढा. लेंकीचं नाव राहू द्या.

आपला,
एक जुना वाचक, गुहागर