अप्पा, तुमची राणी खुशाल आहे

तीर्थस्वरूप अप्पा,
साष्टांग नमस्कार.

पत्र मराठीत लिहिते आहे, माझी कानडी अजून 'ऊटा आयता' म्हणजे 'जेवण झालं का'च्या पुढे गेलेली नाही. तुमच्या सूनबाई खानापूरच्या, त्या वाचून दाखवतील. आणि चारचौघांसमोर लिहिते आहे, कारण ही उडी मारणारी मुंगी कोल्हापुरात जगली कशी असं जो तो मला विचारतो, आणि दर वेळी मी तुमच्या कर्नाटकातल्या सिद्धापूरच्या बागेपासून सुरुवात करते. ते एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं.

आधी खुशाली. काल रात्री मोजल्या तेव्हा राणीच्या 19 लेकी होत्या, आणि सहा कोश अजून फुटायचे आहेत.

अप्पा, पहिल्या वर्षी तुमच्या बागेतून मी चार राण्या आणल्या आणि चारही घालवल्या, हे तुम्हाला फोनवर सांगताना माझा आवाज फुटत नव्हता. चूक सगळी माझी होती. मी त्याआधी मोठे काळे मुंगळे पाळले होते. त्यांच्या राणीला काही लागत नाही. पंख गळले की ती स्वतःला कोंडून घेते, अंगातली चरबी आणि पंखांचे स्नायू जिरवत पहिली पिलं वाढवते. तिला ओल्या कापसाच्या नळीत घालायचं, अंधारात ठेवायचं आणि महिनाभर तिकडे फिरकायचं नाही. मी तुमच्या उडीवाल्या मुंग्यांनाही तसंच ठेवलं. त्या उपाशी मेल्या. पुस्तकी भाषेत ही हार्पेग्नॅथॉस सॉल्टेटर, जर्डन नावाच्या इंग्रज डॉक्टरने 1851 साली तिला हे नाव दिलं. नाव मला तोंडपाठ होतं. ती जेवते काय, कुठे आणि केव्हा, हे मी तिला विचारलंच नव्हतं.

तुम्ही रागावला नाहीत. "सकाळी ये," एवढंच सूनबाईंकडून कळवलंत.

ती सकाळ मला आयुष्यभर पुरेल. गोठ्यामागच्या दगडी पायरीवर आपण दोघं उकिडवे बसलो होतो. साडेआठ वाजून गेले होते, सुपारीच्या झावळ्यांतून ऊन नुकतं जमिनीवर उतरत होतं. पायरीच्या कडेला बोट जेमतेम जाईल असं भोक. त्यातून ती बाहेर आली: तांबूस अंग, चिमट्यासारखे लांब जबडे आणि डोक्याच्या मानाने केवढे तरी मोठे डोळे. मी ती कामकरी आहे असंच धरून चालले होते, कारण या जातीत राणी आणि कामकरी आकाराने जवळजवळ सारख्याच. तुम्ही चष्मा काढून माझ्या हातात दिलात, भिंगासारखा धरायला. तिच्या पाठीवर पंख तुटल्याच्या चार बारीक खुणा दिसल्या. राणी होती! एकटी, भर उजेडात, शिकारीला निघालेली. एक छोटा रातकिडा पाचोळ्यातून सरकला. तिने मान वळवली, थांबली, आणि उडी घेतली. रातकिडा जबड्यात, पोट वळवून एक डंख, आणि ती त्याला ओढत भोकात गेलीसुद्धा. तुम्ही तीन बोटं पायरीवर चालवलीत, अंगठ्यावर झेप घेतलीत आणि माझ्याकडे पाहून हसलात. दुभाष्याची गरजच पडली नाही.

दुसऱ्या वर्षी आणलेल्या तीन राण्यांना मी अंधारात कोंडलं नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसचं ओलसर घर, त्याला जोडून खिडकीजवळ उजेडाचं अंगण, आणि रोज सकाळी तिच्या डोक्याएवढाच जिवंत रातकिडा. मोठा रातकिडा सोडला की ती बिचकते. एकीने शिकारच केली नाही, ती गेली. दुसरी अंडी घालायची आणि खायची, तीही गेली. तिसरीने अंडी सांभाळली. अळ्या निघाल्या तेव्हा ती त्यांना उचलून थेट निपचित रातकिड्यावर नेऊन ठेवायची, आणि त्या इवल्याशा मान लांब करून खात बसायच्या. मी कॉलेजला उशिरा पोचले त्या दिवशी.

पण अळ्या मोठ्या झाल्या आणि कोश काही विणेनात. नुसत्या तळमळत लोळायच्या, एकामागून एक काळ्या पडायच्या. तेव्हा तुमची दुसरी मदत आली. तुम्ही विचारलंत, "माती घातलीस का?" घातली नव्हती, घर स्वच्छ राहावं म्हणून. अळीला धागा ताणायला काही तरी खरबरीत लागतं. राणी तिच्यावर माती-भुसा ओढते, त्याच्या आधाराने अळी कोश विणते आणि मग वरचं सगळं झाडून टाकलं जातं. शिरसीहून कोल्हापूरला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती तुम्ही बागेतल्या मातीची पुरचुंडी पाठवलीत, चाळून, उन्हात वाळवून. त्या आठवड्यात पहिला कोश तयार झाला. पहिली लेक बाहेर आली तेव्हा फिकट पिवळी होती, पाय थरथरत होते, आणि राणी तिच्या अंगावरचे कोशाचे तुकडे काढत होती.

तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे बाकी होती. एवढ्या मलनाडच्या पावसात त्या भोकात पाणी का शिरत नाही? तुमच्या शेजारच्या जोग धबधब्याकडच्याच वारुळांवरचा अभ्यास 1994 साली छापून आला आहे. राहण्याच्या खोल्या जमिनीलगत एकावर एक असतात, वरून घुमटासारखं छत, भोवती मोकळी जागा, आणि आतल्या भिंतींना कोशांच्या तुकड्यांचा कागद चिकटवल्यासारखा थर. कचऱ्याची खोली पार खाली. घराबाहेर साचलेलं पाणी वस्तीपर्यंत पोचत नाही.

आणि दुसरा प्रश्न, राणी मेली की संपलं का? नाही संपत, अप्पा. लेकी मिशांनी एकमेकींशी झुंजतात, दिवसच्या दिवस, आणि त्यातल्या काही जणी अंडी घालायला लागतात. वारुळातल्या नरांशी त्यांचं मीलन होतं. साध्या कामकरीचं आयुष्य सात महिन्यांच्या आसपास, पण अशी अंडी घालणारी झाली की ती काही वर्षं जगते. तिचा मेंदू सुमारे पाव हिश्श्याने आक्रसतो, कारण तिला आता शिकार करायची नसते. 2021 साली तर असं दाखवून दिलं गेलं की तिला पुन्हा कामकरी व्हावं लागलं, तर मेंदू परत वाढतो. कीटकात असं काही असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. एवढं कष्टाने बांधलेलं घर कुणीतरी चालवायला हवं, म्हणून राणीमागे लेकींनी अंडी घालायची ही सोय असावी असं अभ्यासक मानतात.

पहिल्या चार राण्या गेल्यावर तुम्ही मला एक अट घातली होती: एका वर्षी तीनच, आणि त्याही फक्त तुमच्या बागेतल्या, पलीकडच्या रानातली एकही नाही. ती मी पाळली आहे. यंदा एकही आणणार नाही, कारण आता गरज नाही.

आमच्या वर्गातली मुलं रोज मधल्या सुट्टीत काचेला नाक लावून उभी असतात. एका मुलीने बाहेर बोट फिरवलं तर आतल्या चार जणींनी एकदम मान वळवली, तेव्हा ती किंचाळलीच. "बाई, ती बघते!" ही मुंगी कुठून आली असं त्यांनी विचारलं की मी नकाशावर सिद्धापूर दाखवते.

सूनबाईंना सांगा, फणसाचे पापड फार छान झाले होते. आणि अप्पा, पुरचुंडीतली माती आता संपत आली आहे. कुणी इकडे येणार असेल तर ओंजळभर पाठवा. पायरीजवळचीच.

आपली,
कोल्हापूरची मास्तरीण