बिंदू क्रमांक २१४

पुणे, २१ डिसेंबर

प्रिय नंदे,

गणपतीत तुझा फोन येऊन गेला, मी उलट केला नाही, मग दिवाळीही गेली. रागावली असशील. माझी पाठ आता बरी आहे. पण हे फोनवर सांगणं जमलं नसतं.

मागच्या आठवड्यात दोडामार्गात होते. तुझ्या आजोळच्या घरामागचं रान राहिलं नाही गो. मामा तुला बोलले की नाही, मला माहीत नाही. ओहोळापलीकडे पार टेंबापर्यंत रबर आहे. सरळ ओळी, प्रत्येक खोडावर तिरका काप, खाली वाटी, वाटीत पांढरा चीक. ज्या भेरल्या माडाखाली तू पाय मुरगळून बसलीस आणि 'आजयेक सांगू नको हां' म्हणून मला दरडावलंस (चिमटाही काढलास, विसरले नाही), तिथे रबराच्या शीटा दोरीवर वाळत घातल्यात.

एवढंच असतं तर रडून मोकळी झाले असते. पण ते रान माझ्या नकाशात अजून उभं आहे.

राधानगरीपासून तिलारी, पुढे म्हादईपर्यंत वाघ-हत्तींना जायला कुठून वाट उरलीय, त्याचं मॉडेल आम्ही केलं. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं, दहा मीटरची एकेक चौकट. काही चौकटी आपण ओळखून द्यायच्या, हे जंगल, ही काजू, हे भात. त्यावरून संगणक बाकीच्या लाखो ओळखतो. मग जनावराला कुठून जाणं किती जड, त्याचे आकडे. ओळखून दिलेल्या चौकटींतला बिंदू क्रमांक २१४ तुझ्या आजोळचा. तिथे मी 'सदाहरित जंगल' लिहिलं. जाऊन पाहिलं नाही, नंदे. दर मे महिन्यात आपण दोघी त्याच रानात असायचो, मला ते पाठ होतं.

संगणकाने माझा शब्द खरा मानला आणि तशा दिसणाऱ्या रबराच्या मळ्यांना जंगल म्हणत सुटला. हत्तींची वाट त्यांच्यातून काढली. तपासणीचे बिंदू मी आसपासचेच धरलेले, तेही तसेच न बघता ओळखलेले, त्यामुळे अचूकता भरघोस आली. आम्ही पेढे वाटले.

शिवाय चित्रं नोव्हेंबर-डिसेंबरची, कारण पावसाळ्यात ढगांखाली काही दिसत नाही. त्या दिवसांत रबरही हिरवंगार. हेवाळे-बांबर्ड्याची ती रानजायफळाची देवराई, जिला २०२१ मध्ये जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला, ती २.५९ हेक्टरांची, म्हणजे माझ्या चित्रात जेमतेम २५९ चौकटी. ती आणि रबर डिसेंबरात एकाच रंगाची. रबर जानेवारी-फेब्रुवारीत पानं गाळतं, देवराई अंगावरची उतरवत नाही. फेब्रुवारीचं एक चित्र जोडलं असतं तरी फरक दिसला असता. कॉलेजच्या सहलीत साल खरवडून वास घेतल्याशिवाय तू झाडाचं नाव लिहू द्यायची नाहीस, त्यावरून आपण दोन दिवस अबोला धरला होता. तू बरोबर होतीस. आता लिहून देते.

लँडसॅट उपग्रहाची जुनी चित्रं काढली. त्यांत झाडी लाल दाखवतात. २०१० च्या जानेवारीत तुझं रान गडद लाल, २०११ च्या जानेवारीत राखाडी. आजी त्याच वर्षी मे महिन्यात गेली. आपण तेरा दिवस त्या घरात होतो आणि मागच्या दारी गेलो नाही.

साहेब म्हणतात, पुढच्या वेळी दुरुस्त करू. सरकारी व्याख्येत एक हेक्टर जागेवर १० टक्के झाडांची छाया असली की वनाच्छादन, बाग असली तरी. व्याख्या खरी आहे. पण आम्ही वनाच्छादन मोजत नव्हतो, जनावरांची वाट शोधत होतो, आणि नकाशा पुढे गेलाय. उद्या त्याच्या भरवशावर दुसरीकडची खरी झाडी तोडायला कुणी हरकत घेतली नाही तर? तो मागे घ्यावा असं मी लेखी दिलंय. हाताखालच्या दोघा पोरांची शिष्यवृत्ती त्यावर आहे, झोप लागत नाही.

चिऊची दहावी ना यंदा? तिला आशीर्वाद. तुझ्या बदलीचं झालं का काही? सासूबाईंचा गुडघा?

फेब्रुवारीत पानगळीत परत जातेय, या खेपेला प्रत्येक बिंदूवर पायी. चार दिवस रजा काढ, ये. मामांना मी काही विचारलं नाही. त्यांनी चहा दिला, मागचं दार लावलेलंच होतं. तू विचार, पण भांडू नकोस. त्या वर्षी मामींचं ऑपरेशन होतं, हे तुलाही आठवत असेल.

तुझी,
शुभा